हजेरीपटावर नाव नसलेली माशी



यंदाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे माशीचा विषय छापलेला पाहून अनेकांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले, 'काय हो, बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून तुम्ही माशा मारायला केव्हापासून लागलात?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच, की माशा मारण्याचा आमचा विचार नाही. एका माशीचे नाव हजेरीपटावर का चढले नाही याची चौकशी करण्याचा आहे. हजेरीपटावर नाव चढवून घेणे हा तर आमचा गेल्या तीस वर्षांचा धंदाच आहे.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, ग्रंथालयाच्या बाकावर. तेव्हा येथे कीटकशास्त्र शिकविण्याचा आव आम्ही आणणार नाही. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास : एका किड्याची नोंद जगात कशी झाली, ती कोणी केली, कोणाच्या नावावर मांडली, आणि आपल्या या मुलखात ती कोठे खोळंबून राहिली. ऐकता ऐकता श्रोत्यांना वाटेल की हा किड्याचा इतिहास नसून माणसांचाच आहे. तसे वाटले तर त्यात वावगे काही नाही.

प्रथम माशीची ओळख करून घेऊ. पावसाळा सरत आला म्हणजे दहा-अकराच्या उन्हात आपल्या शहराबाहेरच्या एखाद्या उघड्या माळावर जावे. सातारा डोंगराची उतरण घ्या, नाही तर विद्यापीठामागे गोगाबाबाच्या टेकडीची पायवाट घ्या. वाळल्या काडीच्या शेंड्यावर किंवा तापलेल्या दगडावर एक लांबट, केसाळ, करड्या रंगाची माशी दबा धरून बसलेली आढळेल. पोट निमुळते, पाय काटेरी, डोळे टपोरे आणि दोन डोळ्यांच्या मधोमध डोक्यावर खळगा. तोंडाभोवती राठ केसांचा झुबका असतो. शास्त्रज्ञ त्याला ग्रीक भाषेतला मिशीचाच शब्द वापरतात. ही मिशी शोभेची नव्हे. धडपडणाऱ्या सावजाच्या नांग्या आणि नखे यांपासून चेहरा वाचावा म्हणून ती ढालीसारखी असते.

ही माशी उकिरड्यावर बसत नाही आणि आपल्या ताटावरही येत नाही. ती शिकारी आहे. समोरून भुंगेरा, मधमाशी, गांधीलमाशी किंवा नाकतोडा उडत गेला, की ती काडीवरून सुटते, हवेतच त्याला सहा पायांनी जखडते आणि आपली कडक सोंड त्याच्या अंगात खुपसते. सोंडेतून गेलेल्या लाळेने सावज लुळे पडते, त्याच्या अंगातले मांस पातळ होते, आणि मग पुन्हा काडीवर बसून ती ते शोषून घेते. कधीकधी सावज तिच्याहून मोठे असते. माणसाच्या वाटेला ती आपण होऊन जात नाही. मात्र हाताने पकडायला गेलात तर चांगलीच डसते.

हिचा नेम कसा चालतो याचा उलगडा अलीकडे झाला. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली तांदळाच्या दाण्याएवढ्या एका अमेरिकन जातीवर प्रयोग करून दाखविले, की ही माशी सावजाच्या मागे धावत नाही. सावज जेथे पोहोचणार असेल तेथे ती त्याला गाठते. आणि उडताना आपल्या दृष्टीतला त्याचा कोन बदलू देत नाही. समुद्रावरचे खलाशी हाच नियम उलट्या हेतूने वापरतात : दुसऱ्या जहाजाची दिशा आपल्याला एकसारखी तीच दिसत राहिली आणि अंतर कमी होत गेले, तर टक्कर ठरलेली. खलाशी टक्कर टाळण्यासाठी जे शिकला ते ही माशी टक्कर घडविण्यासाठी जन्मतःच जाणते.

इंग्रजीत हिला 'रॉबर फ्लाय' म्हणतात. आपण आजच्यापुरते लुटारू माशी म्हणू. जर्मन भाषेतही अर्थ तोच. आम्हांला हे नाव अन्यायाचे वाटते. दुसऱ्याने कष्टाने मिळविलेले जो हिसकावतो तो लुटारू. ही तर आपली शिकार आपण करते, आपल्या पोटापुरती करते आणि साठा करीत नाही. पण नाव ठेवणारा एक आणि नाव वागविणारा दुसरा, ही रीत कामगारवस्तीत आम्ही पुष्कळ पाहिली आहे.

शास्त्रातले नावही असेच चुकीच्या खात्यावर पडलेले आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या प्राणिसूचीच्या दहाव्या आवृत्तीत या माशांना 'ॲसिलस' हे नाव दिले. १८०२ साली लात्रेय या फ्रेंच पंडिताने त्यावरून संबंध कुळाचे नाव ठरविले. ते आज 'ॲसिलिडी' म्हणून चालते. आता ॲसिलस हा मूळचा लॅटिन शब्द कोणाचा? रोमन कवी व्हर्जिल याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर जे काव्य रचले, त्यात गुरांना चावून चावून पिसाळविणाऱ्या माशीला हा शब्द आहे. म्हणजे आपण जिला गोमाशी म्हणतो ती. गुरांचे रक्त पिणारीचे नाव, गुरांना कधी न शिवणाऱ्या शिकारी माशीला चिकटले आणि अडीचशेहून अधिक वर्षे तसेच राहिले. एकदा रजिस्टरात शिरलेले नाव दुरुस्त करणे किती जिकिरीचे असते, हे भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता हिंदुस्थानकडे वळू. आपल्या देशातील कीटकांची पहिली शास्त्रीय नोंद मुंबईत किंवा कलकत्त्यात झाली नाही. ती युरोपात झाली. लिनियसचा शिष्य योहान क्रिश्चन फाब्रिशियस हा जर्मनीतल्या कील शहरी प्राध्यापक होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. परंतु कावेरीच्या मुखाजवळ तरंगमबाडी येथे डेन्मार्कची वखार होती. डेनांनी ती १८४५ साली इंग्रजांना विकली. लिनियसचाच दुसरा एक शिष्य, डॉक्टर योहान गेरहार्ड क्योनिग, १७६८ मध्ये या वखारीत आला आणि १७८५ मध्ये याच देशात वारला. त्याच्यासारख्यांनी धाडलेल्या किड्यांच्या पेट्या जहाजाने उत्तरेस जात, आणि तेथे फाब्रिशियस त्यांना नावे देई. १७९४ साली त्याने एका तांबूस सोनेरी लुटारू माशीला 'सोनेरी' या अर्थाचे 'ऑराटस' हे नाव दिले. ती माशी आज 'मिचोटामिया ऑराटा' या नावाने ओळखली जाते आणि आपल्या देशात ठिकठिकाणी आढळते.

फाब्रिशियसनंतर त्याच कील शहरातील डॉक्टर वीडेमान याने १८२८ ते १८३० या काळात युरोपाबाहेरच्या दोन पंखी माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये माकार याने १८३८ साली 'मायक्रोस्टायलम' ही प्रजाती स्थापिली. लुटारू माश्यांतल्या आकाराने सर्वांत मोठ्या माश्या तिच्यात मोडतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर याने १८४८ ते १८५५ या वर्षांत तेथील माशांच्या याद्या छापल्या. हा वॉकर अतिशय झपाट्याने काम करी. एकाच जातीला त्याने निरनिराळ्या जागी निरनिराळी नावे दिली, आणि तो गुंता सोडविण्यात पुढच्या पिढ्यांची हयात गेली.

या साऱ्या पंडितांविषयी आमच्या मनात आदर आहे. टाचणीला लावलेल्या, वाळून कोळ झालेल्या माशीवरून त्यांनी जे पाहिले ते थक्क करणारे आहे. परंतु त्या टाचणीखालच्या चिठ्ठीकडे जरा पाहा. जुन्या चिठ्ठ्यांवर गावाच्या जागी पुष्कळदा नुसते 'ईस्ट इंडिया' असते, किंवा नुसते 'बॉम्बे'. आता १९३६ पर्यंत सिंधसुद्धा मुंबई इलाख्यातच होता. तेव्हा 'बॉम्बे' म्हणजे कराचीची वाळू की कारवारचे रान? मजुराच्या नोंदीत नावाच्या जागी 'एक इसम' लिहावे तसा हा प्रकार झाला. शिवाय माशीला नाव देणाऱ्याचे नाव शास्त्रात तिच्या नावापुढे कायमचे जोडलेले राहते. चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव असलेच तर ते साहेबाचे असते. उन्हात जाळे घेऊन धावणारा नोकर, बागेतला माळी, दोन पैशांसाठी किडे आणून देणारा पोर, यांची नावे क्वचितच उतरली. जगातली कित्येक ज्ञानाची कोठारे अशा अनाम हातांनी भरलेली आहेत.

आपल्या मुंबईत मात्र एक वेगळी घटना घडली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालयात आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. इंग्रजांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला, नोकरी जकात आणि मीठ खात्यात. घरात आणि अंगणात येणाऱ्या किड्यापाखरांवर त्यांनी जी खेळकर पुस्तके लिहिली, ती 'एहा' या टोपणनावाने गाजली. किड्याकडे पाहायला दूर रानात जावे लागत नाही, दारातच पाहावे, ही दृष्टी या माणसाने दिली.

या सभेनंतर जेमतेम एक वर्ष झाले, आणि त्याच मुंबईत, भायखळ्यापासून हाकेच्या अंतरावर, परळला दुसरी सभा भरली. सप्टेंबर १८८४ मधली ही सभा नारायण मेघाजी लोखंडे यांनी बोलाविली होती. गिरणी कामगारांच्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. यांतली रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावे लागले.

या दोन सभा आम्ही शेजारी शेजारी का मांडल्या? दोन्हींत काम एकाच जातीचे चालले होते म्हणून. एका सभेने या देशातल्या मुक्या जीवांची नोंद करायला घेतली. दुसरीने मुके समजल्या गेलेल्या माणसांची. लोखंडे यांच्या अर्जापूर्वी गिरणीत माणसे राबत नव्हती काय? राबतच होती. परंतु सह्यांचा कागद समोर येईपर्यंत सरकारदरबारी ती नव्हतीच. पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने कारखान्यात प्रौढ कामगारांचे रजिस्टर ठेवणे मालकावर बंधनकारक केले. रजिस्टरात नाव नाही म्हणजे माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणजे त्याचा हक्क नाही, हे कंत्राटावर राबणाऱ्या आजच्या पोरांनाही पुरते ठाऊक आहे. मस्टर कोरे आहे म्हणून खाते रिकामे होते असे कोणी म्हणू लागला, तर आम्ही त्याला म्हणतो : बाबा रे, यंत्र चालत होते की नाही ते आधी पाहा!

हीच कसोटी आता माशीला लावू. पुस्तकांत या कुळातील कित्येक जातींपुढे 'दुर्मीळ' किंवा 'क्वचित आढळलेली' असा शेरा असतो. जगभरात या कुळाच्या साडेसात हजारांवर जाती नोंदल्या आहेत; त्यांपैकी पुष्कळ जाती एकदोन नमुन्यांवरूनच ठाऊक आहेत. काही जातींचा नर माहीत आहे तर मादी नाही, मादी माहीत आहे तर नर नाही. हा दुर्मीळपणा माशीचा की पाहणाराचा? आमच्या मते त्याची तीन कारणे वेगवेगळी काढून दाखविली पाहिजेत.

पहिले कारण खरोखरीचे. खाणारे हे खाल्ले जाणाऱ्यांपेक्षा नेहमी थोडेच असणार. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली हे मनोऱ्याच्या आकृतीने समजावून दिले : तळाशी गवत, त्यावर गवत खाणारे किडे, त्यावर त्या किड्यांना खाणारे, आणि वर जावे तसतसा मनोरा निमुळता. गवत गेले की शेंडा आधी ढासळतो. म्हणून शिकारी माशी जेथे टिकून आहे तेथे तिच्या खालचा सारा बाजार भरलेला आहे असे खुशाल समजावे.

दुसरे कारण तिच्या जीवनक्रमाचे. काडीवर बसलेली जी माशी आपण पाहतो, ते तिचे केवळ अखेरचे काही आठवडे असतात. त्यापूर्वी एक ते तीन वर्षे ती अळीच्या रूपाने मातीत किंवा कुजक्या लाकडात काढते, आणि तेथेही अनेक जातींच्या अळ्या शिकारच करतात. दुसऱ्या किड्यांची अंडी, अळ्या, कोष हे त्यांचे खाद्य. आपल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला हुमणी ही काय पीडा आहे ते सांगायला नको. अशाच भुंगेऱ्यांच्या हुमण्या लुटारू माशीच्या अळ्या मातीत शिरून खातात, हे जपानात आणि अमेरिकेत पाहिलेले आहे. हे काम जमिनीखाली, रात्रपाळीसारखे, कोणी न पाहता चालते.

तिसरे कारण पाहणाऱ्यांचे, आणि येथे इतिहास आपल्या घरापर्यंत येतो. १९०१ ते १९०८ या वर्षांत मुंबई इलाख्यावर टोळांची धाड आली. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे तेव्हाचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी या 'बॉम्बे टोळा'वर १९०६ साली विस्तृत प्रबंध छापला, आणि १९०९ साली भारतातील कीटकांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यातील माशांच्या कामी हॉवलेट यांचे साहाय्य होते. सरकार किड्याकडे पाहू लागले ते पीक बुडाल्यावर. त्यामुळे जो किडा सारा बुडवितो त्याची नोंद आधी, आणि जो त्या किड्याला खातो त्याची नंतर. संप होईपर्यंत कामगाराची आठवण कोणाला होत नाही, तशातलीच ही गत. लेफ्रॉय यांचा अंतही सांगण्यासारखा आहे. लंडनला परतल्यावर कीटकनाशकांचे प्रयोग करीत असता १९२५ साली प्रयोगशाळेतल्या विषारी वायूची बाधा होऊन ते वारले. किडे मारण्याचे विष माणूस ओळखून सोडून देत नाही. याच विषांपैकी बी.एच.सी.ची भुकटी आपल्याकडे हुमणीसाठी वर्षानुवर्षे मातीत मिसळली गेली. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. तोपर्यंत हुमणीबरोबर हुमणी खाणारेही त्या मातीत होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. टोळाला सरहद्द कळत नव्हती, पण सरकारी कागदाला कळत होती. मुंबई सरकारच्या खात्यांचे काम मुंबई इलाख्यापुरते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो, १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. दरम्यान एक चांगले काम झाले ते नोंदवून ठेवू : १९३१-३२ साली सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि ती नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. आज शहरात हिमायत बागेसमोरच्या तलावाला त्यांचेच नाव आहे. पाखराला गाणे आहे, रंग आहे. त्याच्यासाठी माणूस दुर्बीण घेऊन निघतो. राखाडी माशीसाठी निघणारा विरळा.

तरीही असे विरळे निघाले. गर्ट्रूड रिकार्डो या इंग्रज विदुषीने १९२० च्या दशकात आशियातील लुटारू माशांची जुनी नावे तपासून गुंते सोडविले. ज्या काळी विद्वानांच्या संस्थांत बाईला दार अर्धेच उघडे होते, त्या काळातले हे काम. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था निघाली. अमेरिकेत वृक्षांच्या किडीवर काम करणाऱ्या स्टॅन्ली ब्रॉम्ले यांनी १९३५ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात भारतातील नव्या लुटारू माशांची वर्णने छापली. आणि मग हे काम आपल्या माणसांच्या हाती आले. प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ए. एन. टी. जोसेफ आणि पी. परुई यांनी १९८३ साली पूर्वेकडील देशांच्या लुटारू माशांचा मोठा आढावा लिहिला, अनेक नव्या जाती प्रथमच वर्णिल्या, आणि १९९८ साली 'भारताचे प्राणिजीवन' या सरकारी ग्रंथमालेत या कुळाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. फाब्रिशियसच्या सोनेरी माशीपासून या ग्रंथापर्यंत दोनशे चार वर्षे लागली. जी नोंद कीलमध्ये सुरू झाली ती आपल्या देशात, आपल्या पगारी नोकरांच्या हातून पुढे गेली. स्वराज्याचा हाही एक अर्थ आहे, आणि तो आम्हांला लहान वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही माशी राहते कोठे? तिला उघडे ऊन हवे, बसायला काडी हवी, अंडी घालायला न नांगरलेली माती हवी. म्हणजेच आपला माळ. कुसळीचे गवत, तरवड, हिवर, बाभळीची खुरटी झाडे आणि मुरमाड उतार. या जमिनीला महसुली भाषेत पडीक म्हणण्याची चाल जुनी. केंद्र सरकारने २००० साली देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह काढला त्यातही झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक वर्ग धरलेला आहे. 'पडीक' म्हणजे ज्याचा उपयोग नाही ते. पण धनगराची मेंढरे त्यावर चरतात, टिटवी त्यावर अंडी घालते, पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि मातीखाली तीन-तीन वर्षे हुमणी खाणाऱ्या अळ्या राबतात. ज्याचे काम आपल्याला दिसत नाही त्याला रिकामटेकडा म्हणण्याची ही सवय आम्हांला फार ओळखीची आहे. घरात राबणाऱ्या बाईलाही शिरगणतीत बराच काळ असेच 'काम न करणारी' धरले गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आमच्यावर ढोंगाचा आरोप येईल. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे कारखाने उभे राहिले म्हणून मराठवाड्यातल्या हजारो घरांत चूल पेटली. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे कितीतरी लहान कारखाने आले, आणि दुष्काळी गावातून उठलेला पोर आयटीआय करून फिटर झाला. आता शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी वसते आहे. या साऱ्यांच्या विरुद्ध आम्ही नाही. आमची संघटनाच त्यांच्यावर उभी आहे. कामगाराला भाकर हवी आणि ती आधी हवी.

परंतु भाकरीसाठी सगळाच माळ सपाट केला पाहिजे असे कोठे लिहिले आहे? बुलडोझरने एकदा वरची वीतभर माती खरवडली, की त्या मातीतल्या तीन वर्षांच्या पिढ्या एका दिवसात जातात. त्यांची तक्रार कोणत्याही न्यायालयात येत नाही. कारण रजिस्टरात त्या नव्हत्याच. जातीचे नाव लागण्यापूर्वीच जात गेली, तर तिला दुर्मीळ म्हणायलाही कोणी उरत नाही. एखादा कारखाना मस्टर जाळून टाकतो आणि मग म्हणतो, असा कामगार आमच्याकडे कधी नव्हताच; आम्ही पुष्कळ लढे अशा जळलेल्या कागदावर हरलेले पाहिले आहेत.

म्हणून आमची या शहरापुढे मागणी आहे, आणि मागणी केल्याशिवाय आमचे भाषण संपतच नाही. औद्योगिक वसाहतींत हिरवा पट्टा ठेवण्याची रीत आहे. त्या पट्ट्यात परदेशी गवताची हिरवळ आणि शोभेची झाडेच लावावीत असा आग्रह नको. त्यातला काही भाग जसा आहे तसा माळ म्हणून राहू द्यावा. न नांगरता, न पाणी घालता, कुसळीसकट. याला खर्च नाही; उलट पाणी वाचते. ही मागणी आम्ही आमच्या वाटाघाटींच्या यादीत घालणार आहोत, आणि समोरच्या बाजूचे लोक हसले तरी घालणार आहोत. आठवड्याच्या सुटीच्या मागणीलाही एके काळी असेच हसले होते.

दुसरे काम तुमचे आमचे. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा फोन आहे. लुटारू माशी काडीवर बसली की बराच वेळ जागची हलत नाही. उडाली तरी बहुधा तेथेच परत येते. तिचे छायाचित्र घ्यावे. वहीत चार गोष्टी लिहाव्या : तारीख आणि वेळ, नेमकी जागा, ती कशावर बसली होती, आणि पायांत सावज असल्यास कोणते. 'संभाजीनगर' एवढेच लिहू नये. वाळूजचा माळ लिहावा, मैलाचा दगड लिहावा, ओढ्याचे नाव लिहावे. नाही तर आपणही जुन्या साहेबांसारखे नुसते 'बॉम्बे' लिहून मोकळे होऊ. आणि पाहणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे, मग तो चौकीदार असो की चौथीतला पोर. शाळेतल्या मुलांनी हे आरंभिले तर दोन पावसाळ्यांत आपल्याकडे असा हजेरीपट तयार होईल की तो आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्राच्या विभागापुढे आणि पुण्यातील प्राणिसर्वेक्षणाच्या कार्यालयापुढे अभिमानाने ठेवता येईल. जातीचे नाव तज्ज्ञ ठरवतील. तो त्यांचा अधिकार. हजर होती, इतके सांगणे आपल्या हाती आहे.

या माशीचे चाहते जगभर ३० एप्रिल हा तिचा दिवस म्हणून पाळतात. दुसऱ्या दिवशी १ मे. महाराष्ट्राचा आणि कामगारांचा. योगायोगच, पण आम्हांला तो सोयीचा आहे. यंदा एक मेच्या मिरवणुकीसाठी फलक रंगवून झाले, की आदल्या सकाळी आमच्या संघटनेतील काही मंडळी वह्या घेऊन सातारा डोंगराच्या उतारावर जाणार आहेत. एप्रिलच्या उन्हात माशी दिसेलच अशी हमी नाही; तिचा भर पावसाळ्यावर. पण कोठे गवत उरले आहे आणि कोठे खरवडले गेले, इतके तरी लिहून येईल, आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी जाता येईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सातला डोंगराच्या पायथ्याशी यावे. टोपी, पाणी आणि पेन्सिल बरोबर आणावी.